समुद्र सुरतेला, भाव नंदुरबारला

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळं निघताना जिल्ह्याच्या वाट्याला सहा तालुके आले, सातपुडा आला, तापीचा पट्टा आला, वर नर्मदेचा काठही आला. समुद्र मुळात धुळ्याकडेच नव्हता, त्यामुळे तो मागायची सोय नव्हती. तरीसुद्धा शहाद्याला किंवा तळोद्याला कुणी दोन खोल्या आणि एक मोरी बांधायला काढली की त्यांचा भाव समुद्रकाठी ठरतो. सुरत इथून रेल्वेनं दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. तिकडे एखाद्या उंच इमारतीचं काम निघालं की इकडे आपला मिस्त्री फोन उचलेनासा होतो. कुठल्या मजल्याचं काम चालू आहे हे आपल्याला कळत नाही, पण आपल्या प्लिंथचं काम बंद आहे हे रोज सकाळी दिसतं.

तापी आमच्याकडून वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. जाताना वाळू नेणं हा नद्यांचा जुनाच धंदा. पण 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झालं, पुढे आमच्याकडेही प्रकाशाला आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, आणि नदीला ओझं वाहून न्यायची जी काही सवय होती ती मोडली. पाणी पुढं जातं, वाळू मागं राहते. नदीनं सोडलेलं हे काम मग ट्रकवाल्यांनी अंगावर घेतलं, आणि खोटं कशाला बोला, ते नदीपेक्षा नेटानं करतात. नदी उन्हाळ्यात तरी दम खाते.

घर बांधणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो फुटाच्या भावाचा. हा प्रश्न आमच्याकडे कुणालाही विचारता येतो आणि कुणीही उत्तर दिल्यावाचून राहत नाही. चहाच्या टपरीवर विचारा, कटिंगच्या दुकानात विचारा, तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर विचारा. एक जण सोळाशे म्हणतो, दुसरा दोन हजारांच्या खाली काही होत नाही म्हणतो, आणि तिसऱ्याच्या शालकानं मागच्याच वर्षी बाराशेत केलेलं असतं. हा शालक सगळ्यांना असतो. तो कधी भेटत नाही, त्याचं घर कुठल्या गावात आहे ते ऐनवेळी आठवत नाही, पण बाराशेचा आकडा मात्र मेंदूत खिळा ठोकल्यासारखा बसतो आणि पुढचं वर्षभर ठणकत राहतो.

मग कळतं की भावालाही पोटजाती आहेत. नुसत्या मजुरीचा वेगळा, मालासकट वेगळा, 'चावी हातात' वेगळा. यातला शेवटचा सगळ्यांत महाग, पण चावी ज्या कुलपाची ते कुलूप त्यात धरलेलं असतंच असं नाही. बोअर वेगळा, शौचालयाची टाकी वेगळी, कंपाउंड वेगळं, लाइट फिटिंग वेगळं. जिना तर हमखास 'एक्स्ट्रा'. म्हणजे गच्ची भावात आहे, तिच्यावर जायचं कसं ते आपलं आपण पाहायचं.

वाळूचं नाव काढलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. सोन्याचा भाव आमच्याकडे सराफाच्या दुकानाबाहेर फळ्यावर लिहितात. वाळूचा भाव कानात सांगतात. वास्तविक शासनानं या बाबतीत कमी मेहनत घेतलेली नाही. 2023 मध्ये ठरलं की वाळू सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासनं मिळेल. ही बातमी लोकांनी कापून ठेवली. कापलेली बातमी घेऊन काही जण ट्रॅक्टरवाल्याकडे गेलेही. ट्रॅक्टरवाल्यानं ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली, परत दिली आणि आपला भाव सांगितला. 2025 च्या एप्रिलमध्ये नवं धोरण आलं. डेपो गेले, लिलाव परत आले, आणि घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू फुकट, असं ठरलं. शिवाय 10 जून ते 30 सप्टेंबर नदीतून वाळू काढायला बंदी असते ती वेगळीच. या बंदीच्या काळात वाळू मिळत नाही असं नाही. ती मिळाली तर विचारायचं नाही, इतकंच.

आमच्या वाळूची आणखी एक गंमत म्हणजे तिला सरहद्द आहे. तापीकाठचेच निझर आणि कुकरमुंडा हे गुजरातचे तालुके. नदी एक, पात्र एक, पण अर्ध्या पाण्यात राज्य बदलतं. तिकडच्या पासवर भरलेले ट्रक नंदुरबारातून नाशिक-मुंबईकडे जातात. नाशिकचा फ्लॅटवाला पाहुण्यांना भिंतीवर थाप मारून सांगतो, "तापीची वाळू वापरलीय." तापीपासून हाकेच्या अंतरावर राहणारा आमचा माणूस मात्र खडीच्या क्रशरची कच मळत असतो आणि मिस्त्रीला विचारत असतो, "हिच्यानं धरेल ना?" शासनाचंही आता कृत्रिम वाळू वापरा असंच म्हणणं आहे, आणि चांगली धुतलेली, चाळलेली असली तर ती काही वाईट नसते. पण नदी समोर वाहत असताना दगड दळून वाळू करायची, हे आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी आमच्या डोक्यावर तेल थापलं असतं.

वाळू येते ती रात्री. दोनच्या सुमाराला गल्लीत हेडलाइट बंद केलेला ट्रॅक्टर शिरतो, ट्रॉलीचं फाळकं धडकन पडतं, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांत दिवे न लावता लोक उठून बसतात. मालकानं अशा वेळी लुंगीत टेप खोचून बाहेर यायला हवं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि वाळूची उंची दीड फूट असेल तर ती नव्वद भरते, आणि मधोमध ढीग व कोपऱ्यांत खड्डे असतील तर त्याहून कमी. पुन्हा वाळू ओली. ओलसर वाळू फुगते. कोरडी मोजली तर जेवढी भरेल त्याच्या सव्वापट जागा ती ओली असताना सहज अडवते. सगळं समुद्राला वाहून जाणारं पाणी, पण आपल्या दारात आलं की त्याचा भाव ब्रासनं लागतो. हे सगळं त्या ड्रायव्हरला समजावून सांगायला रात्रीचे दोन ही वेळ बरोबर नाही. तो म्हणतो, "घ्यायची का भरू परत?" आणि टेप लुंगीत परत जातो.

माझे एक साडू दापोलीकडचे. त्यांचं बांधकाम मध्यंतरी चाललेलं. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमचं काय बुवा, साडूभाऊ, नदीच दारात!" कोकणात जांभ्याचा चिरा नगावर मिळतो, त्याला बाहेरून गिलावाही लागत नाही, म्हणून मी त्यांना सुखी समजत होतो. त्यांनी समजूत घालवली. चिरा खाणीतून येतो, त्याचं भाडं चिऱ्याच्या वर. वाळू खाडीतली, हातपाटीनं काढलेली, आणि तिच्यात मीठ. खारट वाळू न धुता वापरली तर सळईला गंज चढतो, गंज फुगतो, आणि काही वर्षांत स्लॅबचं पोट सुटून खपल्या पडतात. वर पावसाळ्याचे चार महिने काम बंद. सगळं ऐकून घेतल्यावर मी त्यांना आमचा भाव सांगितला. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "मग तुमच्याकडे समुद्र नसून फायदा काय?"

आता मजुरांचं. नंदुरबार जिल्ह्यात मिस्त्री, सेंट्रिंगवाले, बिगारी यांची कमतरता आहे असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. माणसं भरपूर आहेत, फक्त ती जिल्ह्यात नाहीत. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडून माणसांनी भरलेल्या गाड्या गुजरातकडे सुटतात. कुणी ऊसतोडीला, कुणी बांधकामावर. पोरंबाळं, भांडी, कोंबड्यासुद्धा बरोबर. तिकडे मजुरी रोख मिळते, जास्त मिळते आणि काम रोज असतं, तर त्यांनी आपल्या दोन खोल्यांसाठी इथं का थांबावं, याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यामुळे नंदुरबारात मिस्त्रीचा रोज काय, हे सुरतेत मिस्त्रीचा रोज काय यावरून निघतं. त्यातून गाडीभाडं वजा करायचं आणि आपण ओळखीचे आहोत म्हणून जरा वाढवायचं.

तर दिवाळी ते होळी माणूस नाही. होळीला सगळे परततात. पण सातपुड्यातली होळी म्हणजे आपली शहरी एक रात्रीची होळी नव्हे. आधी भोंगऱ्या बाजार, मग काठीची राजवाडी होळी, मग गावोगावच्या होळ्या; ढोल, बासऱ्या, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप. दिवाळीपासून परमुलखात विटा वाहिलेला माणूस पंधरा दिवस नाचतो, आणि त्याला "आमच्या कॉलमचं काय?" असं विचारायला जाणाऱ्याच्या अंगात माणुसकी कमी असं मी समजतो. होळीनंतर काही दिवस काम खरंच पळतं. मग ऊन चढतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापमानात सिमेंटला पाणी मारायचं, तर बोअर आटलेला. टँकर मागवावा तर टँकरवाला लग्नात. मग 10 जून, वाळू बंद. मग पाऊस. मग पितृपक्ष, पितरांना घर बांधण्याचं काय वावडं आहे कोण जाणे, पण त्या पंधरवड्यात कुणी कुदळ मारत नाही. मग नवरात्र, दसरा. दसऱ्याला मुहूर्त म्हणून सगळ्या जिल्ह्यात एकाच दिवशी भूमिपूजनं होतात, आणि त्यानंतर दिवाळी येते. दिवाळीनंतर काय होतं ते वर सांगितलंच.

एवढं असूनही जिल्ह्यात घरं उभी आहेत, ही आमच्या मिस्त्रींची कर्तबगारी. मिस्त्रीच्या तोंडी एकच शब्द असतो, "व्हई जाई." सळई आली नाही? व्हई जाई. भिंत ओळंब्यात नाही? गिलाव्यात व्हई जाई. हा माणूस कधी 'नाही' म्हणत नाही आणि कधी 'आज' म्हणत नाही.

पण नंदुरबारच्या घराचं खरं भांडण वरच्या कुणाशी नसून पायाखालच्या जमिनीशी असतं. काळी माती. कापसाला, मिरचीला, केळीला सोन्यासारखी, घराला वैरीण. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आक्रसते, आणि तिच्यावर हलका पाया ठेवला की घरही तिच्याबरोबर दरवर्षी वरखाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. मे महिन्यात तिच्यात आगपेटीची काडी जाते, ऑगस्टमध्ये जात नाही. म्हणजे बुजली असं समजून लोक रंग देतात. यावर इलाज ठाऊक आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा जमिनीसाठी खाली फुगीर टोक असलेल्या काँक्रीटच्या खुंटांची पद्धत कधीच काढून ठेवलीय. आमच्याकडची पद्धत सोपी: मुरूम लागेपर्यंत खणा. अंदाजपत्रकात पाया पाच फूट लिहिलेला असतो. पाच फुटांना काळी. सहाला काळी. सातव्या फुटाला खालून बिगारी ओरडतो, "लागला!" सगळे वाकून पाहतात. तो दगड असतो. नवव्या फुटाला मुरूम लागतो तेव्हा घरमालकाचा आवाज त्याच खड्ड्यातून येतोय असं वाटतं. जमिनीखाली गेलेला पैसा पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून काही जण पाचव्या फुटावरच थांबतात आणि वाचलेल्या पैशांत दर्शनी भिंतीला टाइल्स लावतात. टाइल्स मोरबीच्या. भेग पडते तेव्हा त्या टाइल्समधूनही ती अगदी सरळ रेषेत जाते. काम चांगलं झाल्याची खूण.

सळईच्या दुकानात एकदा जरूर उभं राहावं. शिक्षण होतं. सळई जालन्याची, भाव किलोवर, पण मिस्त्रीची चिठ्ठी नगांवर: '12 एमएम 30 नग, 8 एमएम 40 नग'. चाळीस फुटी 12 एमएमचा एक गज साधारण साडेदहा किलोच्या पुढे भरतो, 8 एमएमचा पावणेपाच किलोच्या आसपास. हे गणित फार सोपं आहे: जाडीचा वर्ग करा, 162 नं भागा, मीटरला किती किलो ते निघतं. मी हे एका दुकानात मोठ्यानं करून दाखवलं. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, इंजिनियर आहात का?" नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, तोही मी त्याला ऐकवला. तो म्हणाला, "झाला ना. म्हणून तर भाव एवढाच आहे."

सरकारी हिशेबाची मजा वेगळीच. पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान पंचवीस चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. अनुदान सपाटीला 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. भागाकार करा: सपाटीला फुटाला साडेचारशेच्याही आत. बाराशेवाला शालक इथं पार उघडा पडतो. वर रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी मिळते, शौचालयाचे बारा हजार मिळतात, आणि 2025 मध्ये राज्यानं पन्नास हजारांची भर घातली. हप्ते टप्प्याटप्प्यानं येतात. आणि दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून तो जागेच्या अक्षांश-रेखांशांसह पाठवायचा. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा खात्यात पैसे थेट येण्याला आम्ही सरावलेलो आहोत. पण फोटो जायला रेंज लागते, आणि डोंगरात रेंज टेकडीवर असते, घर टेकडीखाली. घर टेकडीवर बांधावं तर विटा चढवायच्या कुणी? चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड आली की धडगावचा रस्ता अडतो, आणि पायथ्याला असलेल्या विटेची किंमत माथ्यावर पोचेपर्यंत तिला स्वतःलाच ओळखू येत नाही.

याच डोंगरात एक जुना हिशेब मी पाहिलाय, त्यात फुटाचा भाव नव्हताच. सागाचे खांब, बांबूच्या कुडाला शेणामातीचा लिंपा, वर नळीची कौलं. घर उभं करायच्या दिवशी सगळा पाडा येतो. त्याला 'लाह' म्हणतात. घरवाला जेवण घालतो, आणि पुढं दुसऱ्याच्या घराला आपण जायचं. कुड श्वास घेतो, काळी माती कितीही हलली तरी खांब हलून परत बसतो. आता तेही कमी होतंय. सागाला हात लावला तर वनखातं, कौलं करणारे उरले नाहीत, आणि अनुदान पक्क्या घरालाच. नर्मदेकाठी तर निराळीच तऱ्हा. सरदार सरोवरात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतली तेहतीस गावं बाधित झाली, मणिबेली त्यांत पहिलं. कित्येकांनी आपली घरं उकलून खांब न् खांब पुनर्वसन वसाहतीत नेले. जे वर डोंगरात सरकून राहिले त्यांच्याकडे सामान बोटीनं येतं. म्हणजे समुद्र नाही नाही म्हणता जिल्ह्याला किनारा आहे, आणि किनाऱ्यावर बांधायचा खर्चही आहे. तिथल्या माणसाला मी साडूंसारखा "तुमचं काय बुवा, पाणी दारात" असं म्हणालो नाही. एवढं तारतम्य मला आहे.

खाली सपाटीवर मात्र शेवटी एक दिवस स्लॅब पडतो. त्या दिवसासारखा दिवस नाही. मिक्सर उशिरा येतो, लिफ्ट त्याच्याहून उशिरा. नारळ फुटतो. खडी, वाळू, सिमेंटचं प्रमाण मिस्त्रीच्या तोंडी असतं, पण घमेली मोजायला बसवलेला पुतण्या मोबाइलवर असतो. शेजारी खुर्च्या टाकून बसतात आणि सल्ले देतात. संध्याकाळी वरण-बट्टी, वांग्याची भाजी. एका बैठकीला तुपासकट किती बट्ट्या जातात ते पाहिलं की दिवसभराच्या कामाचा खरा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी भरतात. पाणी आटलं, सेंट्रिंग निघालं की घरातल्या बाया वर मिरची वाळत घालतात. व्यापाऱ्यांच्या मैलभर पथाऱ्या असतात, तशी ही घरगुती पथारी. नंदुरबारात वास्तुशांतीच्या आधी घरात शिरते ती मिरची.

आणि सळया. गच्चीवर चारी कोपऱ्यांना कॉलमच्या सळया वर सोडलेल्या असतात, पुढंमागं पोराच्या लग्नाला वरचा मजला चढवायचा म्हणून. गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घालतात. शहादा रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना अशा बाटल्या दिसतात. पोरगं आता चाळिशीचं झालंय, बाटल्या उन्हानं पिचल्या, सळया आहेत तिथंच. नीती आयोगानं आमचा जिल्हा 'आकांक्षित' ठरवला तेव्हा कुणीतरी आमच्या गच्च्या पाहिल्या असाव्यात, असा माझा कयास आहे.

एवढं वाचूनही बांधायचंच असेल, तर होळीच्या आठवड्यात धडगावच्या बाजारात जा. सुरतेचे उत्तमोत्तम मिस्त्री तेव्हा तिथं भेटतात. कामाचा विषय काढू नका, ढोल ऐका, नंबर तेवढा घ्या. आणि तो होळीनंतरही लागेल असा आहे ना, हे तिथल्या तिथं एक मिसकॉल देऊन पाहून घ्या.